साडेनऊ हजारांत गुरुजींसाठी ई-रीडर: एका खरेदीची पूर्ण गोष्ट

आमच्या बॅचनं गुरुजींसाठी ई-बुक रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र, घेतला, त्याचं सगळं रामायण इथं लिहून ठेवतोय. कारण त्यानंतर चार-पाच जण फोन करून "कुठला घेऊ रे" म्हणून विचारलेत आणि दरवेळी अर्धा तास बोलून माझंच तोंड दुखतंय. नावं गाळलीत, गावाचं नावही गाळलंय, गुरुजींना विचारून लिहितोय. ते म्हणाले, "लिही की, फक्त शुद्धलेखन बघून घे." ते तेवढं जमेलसं वाटत नाही.

पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला, मलप्रभेच्या उगमाकडचा पट्टा, तिथल्या सरकारी मराठी शाळेत गुरुजी होते. पावसात तिकडं काय होतंय हे माहीत असलेल्याला सांगायला नको आणि नसलेल्याला सांगून कळत नाही. जून ते सप्टेंबर आभाळ डोक्यावर टेकलेलं असतं, लाईट गेली की कधी दोन दिवस कधी तीन दिवस, आणि मोबाईलला रेंज पाहिजे तर देवळाच्या कट्ट्यावर जाऊन उभं राहायचं.

निवृत्त झाल्यापासून गुरुजींचा नेम ठरलेला. पंधरा दिवसांतून एकदा बस धरून बेळगावला यायचं, वाचनालयातली दोन पुस्तकं बदलायची, गणपत गल्लीत काय किरकोळ घ्यायचं ते घ्यायचं आणि संध्याकाळच्या बसनं परत. हिवाळ्यात कडोली नाहीतर उचगावच्या साहित्य संमेलनाला जायचं आणि पुस्तकांच्या स्टॉलवर खिसा रिकामा करून यायचं. घरातल्या फळीवर पुस्तकं, फळीखाली वही, वहीत कोणाला कुठलं पुस्तक वाचायला दिलंय त्याची तारखेसकट नोंद. ही वही लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

२०२३ मध्ये दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजव्याचं ऑपरेशन झालं, डाव्याला डॉक्टर म्हणाले थांबूया. बसचा प्रवास बंद झाला, वाचनालय सुटलं. फळीवरची जुनी पुस्तकं बारीक टायपातली, ती भिंग लावून वाचायचे, दहा मिनिटं झाली की ठेवून द्यायचे.

जानेवारी २०२४ मध्ये गुरुजींना सत्तर लागणार होती. आमच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, एकोणीस जण. कोण बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत, कोण पुण्यात आयटीत, एक दुबईला, दोघं गावातच शेती करत्यात, आणि मी बेळगावातच टिळकवाडीत डीटीपी-झेरॉक्सचं दुकान चालवतोय. सत्कार करायचा ठरलं. गुरुजींना सांगायला गेलो तर म्हणाले, "अरे घरात शाली पंधरा हायत, मी काय शालीचं दुकान घालू काय?" मग पुण्याची मैत्रीण म्हणाली, ई-रीडर देऊया, अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येतंय. सगळ्यांना पटलं.

पैशाचं गुरुजींनीच घालून दिलं, प्रत्येकानं पाचशे, त्याच्यावर कोणी एक रुपया घालायचा नाही. दुबईवाला म्हणत होता मी एकटा सगळं घेतो, त्याला गुरुजी फोनवर म्हणाले, "वर्गात एकाला दोन खाऊ दिलो नाही मी कधी." म्हणजे १९ गुणिले ५००, एकूण ९,५००. खरेदीचं काम माझ्या गळ्यात पडलं, का तर मला "कॉम्प्युटरचं कळतंय".

अडचण नेमकी काय होती

सुरुवातीला आम्ही सगळ्यांनी प्रश्नच चुकीचा धरला. ग्रुपवर पंधरा दिवस चर्चा चालली ती कुठलं मशीन चांगलं यावर. किती इंच, किती जीबी, बॅटरी किती आठवडे. गुरुजी वाचणार काय आणि ते कुठून येणार, हे कोणी विचारलंच नाही, मी पण नाही.

शेवटी एका रविवारी गावी गेलो तेव्हा गुरुजींनी स्वतःच एक फुलस्केप कागद पुढं केला. पंचवीस पुस्तकांची यादी, "ही वाचायची राहिलीत". चरित्रं, प्रवासवर्णनं, दोन-तीन कादंबऱ्या, संतसाहित्यावरची पुस्तकं, आणि पाच-सहा इतकी जुनी की प्रकाशकच आता नसेल.

दुकानात येऊन एकेक शोधायला बसलो. किंडल म्हणजे ॲमेझॉनचा ई-रीडर, त्याच्या ऑनलाईन दुकानात नऊ मिळाली. सहा बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या साईटवर ई-पुस्तक म्हणून होती, पण ती त्यांच्या ॲपमध्येच उघडतात, म्हणजे फोन, टॅबलेट नाहीतर कॉम्प्युटर पाहिजे, किंडलवर ती चढत नाहीत. चार जुनी पुस्तकं फुकट पीडीएफ म्हणून मिळाली, त्यातली तीन स्कॅन केलेली. उरलेली सहा कागदावर सोडून कुठंच नाहीत.

हा कागद मला पंधरा दिवस आधी मिळाला असता तर ग्रुपवरची निम्मी भांडणं झालीच नसती. पंचवीसपैकी नऊ म्हटल्यावर किंडल घेणं शहाणपणाचं आहे की नाही हाच प्रश्न पडला. आणि हो, घरात गुरुजी एकटे नाहीत, काकू पण आहेत. त्यांचं पुढं सांगतो, तिथं आम्ही सगळ्यात मोठी माती खाल्ली.

पर्याय

पहिला, नवीन बेसिक किंडल. २०२२ चं मॉडेल, ६ इंची, ३०० पीपीआय (म्हणजे एका इंचात तीनशे ठिपके), १६ जीबी, टाईप-सी चार्जिंग. तेव्हा किंमत ९,९९९. म्हणजे ४९९ नं बजेटच्या बाहेर, आणि पुस्तकांना शून्य रुपये. ऑफर आली की उतरतंय म्हणत होते सगळे, पण वाढदिवस काय ऑफरसाठी थांबणार नव्हता.

दुसरा, पेपरव्हाईट, म्हणजे किंडलचंच वरचं मॉडेल. तेव्हाचा नवा ६.८ इंची १३,९९९ ला. तो विषय तिथंच संपला. पण त्याच्या आधीचा, २०१८ चा पेपरव्हाईट, ६ इंची, ३०० पीपीआय, पाण्यात पडला तरी चालणारा, तो वापरलेला साडेपाच-सहा हजारांत मिळत होता.

तिसरा, अँड्रॉइड टॅबलेट. फाउंड्रीवाल्याचा हा हट्ट. "दहा इंच घे, सिनेमा पण बघतील, नातवंडांशी व्हिडिओ कॉल पण होईल." खरं सांगायचं तर कागदावर हाच पर्याय सगळ्यात भारी होता. किंडलचं ॲप चालतंय, बुकगंगा चालतंय, पीडीएफ मोठी दिसतीय. पंचवीसपैकी एकोणीस पुस्तकं एका जागी.

चौथा, बूक्ससारखा अँड्रॉइडवरचा ई-इंक रीडर, म्हणजे डोळ्याला कागद आणि आत सगळी ॲप. दुबईवाल्याचा लाडका. पण बजेटच्या पार बाहेर, आणि बिघडला तर बेळगावात कोणाकडं घेऊन जायचं? कोबो म्हणून दुसरा एक ई-रीडर येतो, त्याचं पण तेच. बाहेरून मागवायचा म्हटलं की वॉरंटी कोण बघणार. हे दोन्ही दोन मिनिटांत सोडून दिले.

पाचवा पर्याय गावातल्या शेतीवाल्या मित्रानं काढला आणि सगळे हसले. "साडेनऊ हजाराची मोठ्या अक्षराची पुस्तकंच द्या की." हसलो खरे, पण त्याचं म्हणणं वाटलं तेवढं खुळं नव्हतं. फक्त मोठ्या टायपात मराठीत धार्मिक पोथ्या सोडून फारसं काही मिळत नाही, शोधून बघा.

आठ दिवसांची चाचणी

इथं मात्र एक बरं काम झालं. टिळकवाडीतल्या एका ओळखीच्या प्राध्यापक मॅडमकडून त्यांचा ६ इंची किंडल आठ दिवसांसाठी मागून आणला, आणि पुतण्याचा ८ इंची टॅबलेट. दोन्ही गुरुजींकडं नेऊन ठेवले. किंडलवर तीन गोष्टी घातल्या होत्या: एका मराठी पुस्तकाचा फुकटचा नमुना, एक स्कॅन केलेली पीडीएफ, आणि एका सरकारी संस्थेच्या साईटवरची टाईप केलेली पीडीएफ.

मराठी नमुना झकास दिसला. २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर हिंदी, तमिळ, मराठी, गुजराती आणि मल्याळम अशा पाच भाषांची पुस्तकं आली, तेव्हापासून मराठीची सोय आहे. जोडाक्षरं नीट, रफार जागच्या जागी. गुरुजींनी आधी तेच तपासलं, "दृष्टी" आणि "कर्तृत्व" शोधून. अक्षर मधल्यापेक्षा चार पायऱ्या वर नेल्यावर भिंग बाजूला ठेवलं. तेव्हा एका ओळीत चार-पाच शब्द आणि पानावर नऊ-दहा ओळी बसत होत्या. आपल्या मराठीत शब्द लांब, त्यामुळं दोन्ही बाजू सरळ ठेवल्या की मध्ये भोकं पडतात. सेटिंगमध्ये डावीकडून लावून घेतल्यावर बरं झालं. ओव्या-अभंगांची ओळ मात्र मोडतेच, त्यावर गुरुजी अजून कुरकुरतात.

स्कॅनची पीडीएफ उघडली आणि मुंग्या दिसल्या. हिशोब साधा आहे. डेमी आकाराचं पुस्तक साडेपाच बाय साडेआठ इंच, आणि ६ इंची पडदा म्हणजे कर्ण सहा इंच, खरी रुंदी ३.६ आणि उंची ४.८. पूर्ण पान त्यात बसवलं की अक्षर जवळजवळ निम्म्यावर येतं. स्कॅन म्हणजे फोटो, त्यातलं अक्षर तेवढं वाढवता येत नाही, सगळं पान फुगवून इकडून तिकडं सरकवत बसायचं. आडवं धरलं तर थोडं जमतंय, पण एक पान वाचायला तीनदा सरकवायचं.

टाईप केलेल्या पीडीएफनं तर मला चांगलंच तोंडावर पाडलं. म्हटलं ही टाईप केलेली आहे, कन्व्हर्ट करून पाठवली की अक्षर मोठं होईल. पाठवली, उघडली, तर आत इंग्लिश अक्षरं, कंस, डॉलरचं चिन्ह, सगळा काला. आणि हे मला कळायला पाहिजे होतं, पंधरा वर्षं मी श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये लग्नपत्रिका केल्यात! युनिकोड म्हणजे आता सगळीकडं चालणारी अक्षरांची पद्धत, तिच्या आधीच्या त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर इंग्लिश अक्षराच्या जागेवर बसवलेलं असायचं. पीडीएफमध्ये तो फॉन्ट चिकटवलेला असतो म्हणून डोळ्याला मराठी दिसतं. फॉन्ट काढला की आतलं खरं रूप बाहेर येतं, ते म्हणजे हा काला. मराठीतल्या कितीतरी जुन्या पीडीएफ अशाच आहेत, त्यामुळं "पीडीएफ आहे की फुकट" असं कोणी म्हणालं की आधी त्यातली एक ओळ कॉपी करून दुसरीकडं पेस्ट करून बघा. मराठीच पेस्ट झाली तर पुढं जा, डॉलर दिसले तर सोडा.

टॅबलेटवर स्कॅन बरं दिसलं, ८ इंचीवर पण. पण गुरुजी चाळीस मिनिटांनंतर डोळे पुसायला लागले. डॉक्टरांनी त्यांना एवढंच सांगितलं होतं की अक्षर मोठं ठेवा आणि उजेड पुरेसा ठेवा, टॅबलेट वाईट असं काही ते म्हणाले नव्हते. हा त्यांचा स्वतःचा अनुभव. आणि दुसरं, टॅबलेटची बॅटरी. लाईट दोन दिवस गेली की काम संपलं. पुतण्याच्या टॅबलेटवर मध्येच व्हॉट्सॲपचं टुंग वाजायचं ते वेगळंच. "मोबाईल हाय की एक, त्याचाच थोरला भाऊ कशाला घरात?" म्हणाले.

किंडल इतके दिवस कसा चालतो हे त्यांना सांगताना मी अडखळलो. आत काळ्या-पांढऱ्या बारीक कणांचे फुगे असतात, पान बदलताना तेवढी वीज लागते, मग ते कण तिथंच राहतात, पान नुसतं दिसायला वीज लागत नाही. गुरुजी पटकन म्हणाले, "म्हणजे पाटी. लिहिताना कष्ट, लिहिलेलं राहायला काय लागत नाही." बरोब्बर तेच. आतला दिवा तेवढा वेगळा, तो कडेनं पडद्यावर उजेड टाकतो, त्याला बॅटरी लागते.

निर्णय कसा झाला

ग्रुपवर मत घेतलं, टॅबलेटला नऊ, किंडलला आठ, दोघं गप्प. म्हणजे लोकशाहीनं टॅबलेट जिंकला होता. मी मान्य केलं नाही आणि सरळ लिहिलं, वाचणारा माणूस एक आहे आणि त्यानं दोन्ही आठ दिवस वापरलेत, त्याचं मत एकोणीस जणांच्या वर. थोडी वादावादी झाली, फाउंड्रीवाला दोन दिवस बोलला नाही.

नवीन की वापरलेला, इथं मी खरा अडकलो. भेटवस्तू जुनी द्यायची? पुण्याची मैत्रीण म्हणाली बरं दिसत नाही. पण नवीन घेतला तर वर ४९९ कुठून आणायचे आणि पुस्तकं कशानं घ्यायची? मोकळा किंडल देणं म्हणजे मांड्याची रिकामी परात देण्यासारखं. शेवटी गुरुजींनाच विचारलं. त्यांचं उत्तर, "वाचनालयातलं पुस्तक काय नवं असतंय काय रे?"

कोल्हापूरच्या एका पोराकडं २०१८ चा पेपरव्हाईट होता, ५,८०० ला ठरला. त्यानं निम्म्यात यायचं, मी निम्म्यात जायचं, म्हणून निपाणीला स्टँडसमोरच्या हॉटेलात भेटलो. चहा मागवून टेबलाखाली अंधारात धरून दिवा पूर्ण वाढवला, कुठं पिवळा-निळा डाग, मेलेला ठिपका आहे काय बघितलं. चार्जिंगची पिन हलवून बघितली, हा मायक्रो यूएसबीचा, जुनी पिन सैल झालेली असते कधी कधी. आणि मग दिसलं की वरच्या कोपऱ्यात अजून त्याच पोराचं नाव येतंय. खातं काढलेलंच नव्हतं. तिथंच त्याच्या मोबाईलवरून डीरजिस्टर करायला, म्हणजे खातं काढायला लावलं आणि माझ्या हॉटस्पॉटवर नवीन खात्यात चढतोय हे बघूनच पैसे दिले. हे मी स्वतःच्या हुशारीनं केलं नाही, प्राध्यापक मॅडमनी बजावलं होतं. चोरीची तक्रार होऊन ब्लॉक केलेला किंडल रजिस्टरच होत नाही, म्हणून पैसे द्यायच्या आधी रजिस्टर करून बघायचा.

खातं कोणाच्या नावावर, यावर पण चर्चा. माझ्या नावावर केलं तर माझी पुस्तकं त्यांच्याकडं आणि माझं कार्ड त्यांच्या बोटाखाली. गुरुजींचा मुलगा बेळगावातच असतो, त्याच्या नावानं नवीन खातं काढलं.

हिशोब असा झाला: किंडल ५,८००, कव्हर ४५०. उरले ३,२५०. त्यातनं ९०० ची ई-पुस्तकं, नऊपैकी पाच आली. कुठंच ई-पुस्तक नसलेल्या सहापैकी चार कागदी पुस्तकं टाईप जरा बरा बघून घेतली, १,४००. हातात राहिले ९५०.

सत्काराचा दिवस

कुंद्याचा डबा, हार, भाषण वगैरे झालं. मग सगळ्यांसमोर किंडल वायफायला जोडून दाखवायचा मोठेपणा मी केला आणि तिथं तो नातवाच्या मोबाईलचा हॉटस्पॉट दाखवेच ना. आधीच सगळा कार्यक्रम रेंजसाठी देवळाच्या कट्ट्यावर ठेवलेला. बंद करून चालू केला, परत बंद केला, फाउंड्रीवाला मागं उभा राहून हसतोय. पाऊण तास गेला. शेवटी मॅडमना फोन लावला. हा जुना पेपरव्हाईट २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय पकडतो, नातवाचा नवा फोन ५ गिगाहर्ट्झवर हॉटस्पॉट सोडत होता. निपाणीत माझ्या जुन्या फोनवर चाललं होतं म्हणून मला पत्ताच नव्हता. सेटिंग बदललं आणि अर्ध्या मिनिटात जोडला.

आणि मग काकू. काकू बैलहोंगलच्या, माहेर कन्नड, शाळा कन्नड, वाचायचं वेड गुरुजींपेक्षा कांकणभर जास्तच. किंडल हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि मला म्हणाल्या, "ह्यात कन्नड येतंय काय रे?"

मघाशी त्या पाच भाषांची यादी दिली ना, त्यात कन्नड नाही. कर्नाटकात राहून, कन्नड बोलणाऱ्या माणसाच्या घरात, कन्नड पुस्तकाचं दुकान नसलेलं यंत्र आम्ही वाजतगाजत नेलं होतं. मी कायतरी पुटपुटलो. त्या हसून म्हणाल्या, "मला कोण विचारलंय म्हणा." बोलल्या सहज, पण मला ते लागलं. इकडं निम्म्या घरांत दोन भाषा नांदतात, सकाळी एका भाषेत पेपर आणि दुपारी दुसऱ्या भाषेत सिरीयल, आणि एकोणीस जणांच्या ग्रुपवर पंधरा दिवस एकाला हे सुचलं नाही. टॅबलेट असता तर दोन्ही झालं असतं. फाउंड्रीवाल्यानं हे मला नंतर फोन करून ऐकवलं, आणि त्याचं बरोबर होतं.

उरलेले ९५० तिथल्या तिथं काकूंच्या नावावर केले. बेळगावात येऊन चार कन्नड पुस्तकं घेतली, यादी त्यांनीच दिली.

पुढं काय झालं

दीड वर्षाच्या वर झालं आता. गुरुजी रोज सकाळी आणि रात्री जेवणानंतर वाचतात. २०२४ च्या जुलैत सलग तीन दिवस लाईट नव्हती, तेव्हा त्यांनी एक अख्खं चरित्र संपवलं, दिवा बारावर ठेवून. बॅटरी आठवडे जाते म्हणतात ते नव्याचं, यांचा जुना नऊ-दहा दिवस जातो, तो पण वायफाय बंद ठेवलं तर. आम्हाला ते चालतंय.

एकदा भलतंच झालं. किंडलमधल्या दुकानात बोट लागून ३४० रुपयांचं इंग्लिश पुस्तक विकत घेतलं गेलं. मुलाला मेसेज आला, त्यानं लगेच परत केलं, पैसे आले. पण गुरुजी इतके घाबरले की चार दिवस हात लावला नाही. मग पॅरेंटल कंट्रोलमध्ये जाऊन दुकानच बंद करून टाकलं. मुलांसाठी केलेली सोय गुरुजींना लावायला जरा कसंतरी वाटलं, पण निर्धास्त झाले. हे पहिल्या दिवशीच करायला पाहिजे होतं.

स्कॅनच्या तीन पुस्तकांचं मी मनावर घेतलं. के-टू-पीडीएफ-ऑप्ट म्हणून एक फुकट प्रोग्राम आहे, तो पानाच्या फोटोतले शब्द कापून लहान पडद्यावर नव्या ओळीत मांडतो. त्याला भाषा कळायची गरज नाही, तो फक्त पांढरी जागा बघून कापतो, त्यामुळं मराठीलाही चालतो. कधी वेलांटीचं टोक कापलं जातं, कधी दोन ओळी चिकटतात. एका पुस्तकाला समास कापून, सेटिंग बदलून बदलून दीड-दोन तास जातात. दोन केली, तिसऱ्याचा कागद इतका डागाळलेला की नाद सोडला. आधी फुशारकीनं "सगळी करून देतो" म्हणालो होतो.

बुकगंगावरची सहा पुस्तकं अजून राहिलीत. मुलगा कधी गावी गेला की आपल्या मोबाईलवर त्यातलं एक उघडून मोठ्यानं वाचून दाखवतो, तेवढंच.

फेब्रुवारी २०२५ मध्ये विकत घेतलेली किंडल पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून केबलनं घालायची सोय बंद झाली. रेंज नसलेल्या गावाला ती केबलच बरी होती. आता नवीन पुस्तक घालायचं म्हणजे हॉटस्पॉट, आणि हॉटस्पॉट म्हणजे देवळाचा कट्टा.

परत करायचं झालं तर

सगळ्यात आधी पुस्तकांची यादी मागेन, पैसे गोळा करायच्या पण आधी. किंडलचं ॲप मोबाईलवर फुकट आहे, त्यात यादीतली पुस्तकं आहेत काय, नमुना उतरवून अक्षर कसं दिसतंय, हे एका संध्याकाळी बसून कळतं, एक रुपया न घालता. आम्ही ते शेवटी केलं.

घरातल्या प्रत्येक वाचणाऱ्याला विचारेन, त्याच्या भाषेसकट. काकूंना आधी विचारलं असतं तर काय घेतलं असतं? मी यावर बराच विचार केलाय. कदाचित हाच पेपरव्हाईट, पण उरलेल्या पैशाची वाटणी पहिल्यापासून दोघांत केली असती, असं शेवटच्या ९५० वर भागवलं नसतं. फाउंड्रीवाला अजून म्हणतो टॅबलेटच. गुरुजींचे डोळे नीट असते तर मी पण कदाचित तेच म्हणालो असतो.

जुना घेतल्याचा पस्तावा नाही. उलट आता तर हा हिशोब आणखी अवघड झालाय, नवा ७ इंची पेपरव्हाईट २०२५ मध्ये भारतात १६,९९९ ला आला, तेव्हा दहा हजारांच्या आत बघणाऱ्यानं जुन्या बाजारात नजर ठेवावी. फक्त वायफाय, पिन, डाग आणि खातं, एवढं समोर बसून बघा, आणि ज्या फोनवर पुढं रोज जोडायचाय त्याच फोनवर जोडून बघा.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन या मार्चमध्ये झालं. गुरुजींनी अक्षर दोन पायऱ्या खाली आणलं आणि फोन करून मला मुद्दाम सांगितलं, पानावर आता चौदा ओळी बसत्यात म्हणून.

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. किंडल दिसेना, मला वाटलं बिघडला. विचारलं तर म्हणाले, वरच्या आळीतल्या पाटलांना ते चरित्र वाचायचं होतं, त्यातलं एक पुस्तक काढून देता येत नाही म्हणून सगळाच दिलो. मी म्हटलं गुरुजी, त्यात तुमची सगळी पुस्तकं आहेत की! त्यांनी फळीखालची वही काढून दाखवली. तारीख, पाटलांचं नाव, आणि पुढं त्यांच्या त्या वळणदार अक्षरात: "किंडल, नग १, वायरसह. आठ दिवसांच्या बोलीवर."